भंडाऱ्याची पोटनिवडणूक आणि बाबासाहेबांचा विसरलेला लढा

भंडारा जिल्ह्यात बाबासाहेबांचे नाव निघाले की १९५४ च्या पोटनिवडणुकीची गोष्ट निघतेच. तुमसर, मोहाडी, साकोली, पवनीकडच्या जुन्या माणसांनी ती आपल्या मुलानातवंडांना सांगितली आहे. बाबासाहेब इथून लोकसभेसाठी उभे राहिले आणि हरले. या पराभवावर दरवर्षी भाषणे होतात, लेख येतात. कोणी दगा दिला, कोणाची मते फुटली, याची चर्चा होते. पण भंडाऱ्यात मते मागायला आलेला हा माणूस केंद्रीय मंत्रिपद सोडून आला होता, आणि ते सोडण्यामागचे एक मोठे कारण स्त्रियांच्या हक्काचे विधेयक होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

बाबासाहेबांचे चरित्र आपण शाळेपासून वाचतो. चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, संविधान, धम्मदीक्षा. या सगळ्यातून एक धागा सलग जातो आणि तो आपल्या हातून सुटतो. बाईच्या देहावर, तिच्या लग्नावर आणि तिच्या बाळंतपणावर हुकूम कोणाचा, हा तो धागा. या लेखात त्यांचे आयुष्य त्या धाग्याने पाहू.

चौदावे अपत्य

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. रामजी सुभेदार आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. चौदांपैकी जगली पाच. बाळाराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन मुलगे, मंजुळा आणि तुळसा या दोन मुली. भीमराव पाच-सहा वर्षांचे असतानाच आई गेली. आत्या मीराबाईंनी त्यांना वाढवले. चौदा बाळंतपणे आणि इतक्या लेकरांचे मरण सोसलेल्या त्या माउलीच्या देहाचे काय झाले असेल, याचा विचार आपण जयंतीच्या भाषणात क्वचितच करतो.

१९०६ मध्ये भीमरावांचे रमाबाईंशी लग्न झाले. तेव्हा रमाबाई जेमतेम नऊ वर्षांच्या होत्या. त्या काळची रीतच तशी होती. १९१२ मध्ये यशवंतचा जन्म झाला. पुढे गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले झाली आणि चारही लहानपणीच दगावली. राजरत्न १९२६ मध्ये गेला. नवरा परदेशात शिकत असताना पोयबावाडीच्या चाळीत रमाईने जे सोसले ते आपल्या गाण्यांत आले आहे. पण गाण्यातला त्याग गाताना, वारंवार बाळंतपण, अपुरे अन्न आणि औषधाची वानवा हेही त्यात होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पुढे विधिमंडळात बाळंतिणीसाठी बोलणाऱ्या माणसाच्या घरात ही दोन आयुष्ये होती, आईचे आणि बायकोचे.

जातीचे कुलूप कुठे आहे

१९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिकवले तर समाजाची प्रगती कितीतरी वेगाने होईल, असा विचार मांडला. तेव्हा त्यांचे वय होते २२.

९ मे १९१६ रोजी त्यांनी तिथे भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्यामुळे, हे त्याचे सार. जातीत नवरेबायकोच्या जोड्यांचा हिशेब बरोबर राहिला तरच जात बंद राहते. नवरा मेला की विधवा उरते. ती जातीबाहेर लग्न करील, ही भीती. म्हणून तिला सती घालायचे, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचे. बायको मेलेल्या पुरुषाला मात्र लग्नाच्या वयाला न आलेली पोर द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन वेगवेगळ्या रूढी वाटतात, पण तिन्ही एकाच कामासाठी आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. जातीचे कुलूप बाईच्या देहाला लावलेले असते.

हा निबंध चळवळीतल्या प्रत्येक तरुणाने वाचावा. मुलीने दुसऱ्या जातीतला मुलगा निवडला म्हणून तिला मारणारे आजही जातीचाच हिशेब सांभाळत असतात. आपल्यातले काही जण पोटजातीच्या नावाने तोच हिशेब सांभाळतात, तेव्हा तेही या कुलपाचे राखणदार होतात.

महाड आणि मुंबईचे कायदेमंडळ

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी बायकांसाठी वेगळी सभा घेतली. अस्पृश्यतेची खूण म्हणून अंगावर वागवायचे जाडजूड दागिने टाकून द्या, लुगडे चारचौघींसारखे नेसा, मुलींना शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला, भावाला किंवा मुलाला घरात जेवण देऊ नका, हेही सांगितले. हा सल्ला साधा वाटतो. पण घरातल्या मारझोडीचे मूळ कशात आहे हे ते ओळखून होते आणि बाईला मुकाट सोसण्याचा उपदेश त्यांनी केला नाही.

पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, अशी त्यांची बाजू होती. मालकालाही त्यांनी सोडले नाही. बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो म्हणूनच तो त्यांना ठेवतो, तर मग त्यांच्या बाळंतपणाचा काही वाटा त्यानेही उचलावा. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा. आज २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा घेणाऱ्या किती जणींना ही सुरुवात ठाऊक असेल?

हरलेला खटला, हरलेला ठराव

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून समाजस्वास्थ्य हे मासिक चालवले. लैंगिक आरोग्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना ते सरळ उत्तरे देत. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, लोकांना शंका असतील तर त्यांना शास्त्रीय माहिती मिळाली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

तेव्हा बाबासाहेब गोलमेज परिषदा गाजवून आलेले देशभर माहीत असलेले नेते होते. आधीच शत्रू पुष्कळ. सनातनी लोक ज्याला वाळीत टाकत होते अशा माणसाचा खटला अंगावर घेण्याची त्यांना काहीच गरज नव्हती. तरी त्यांनी तो घेतला.

चार वर्षांनी त्यांनी हाच प्रश्न कायदेमंडळात नेला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा अशासकीय ठराव मांडला. त्या दिवशी बाबासाहेब स्वतः सभागृहात नव्हते. त्यांनी तयार केलेले भाषण रोहम यांनी मांडले. संततिनियमनाची साधने सरकारने लोकांना उपलब्ध करून द्यावीत, ही मागणी होती. दारिद्र्य, बालमृत्यू आणि पाठोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेल्या बायका, ही कारणे त्यात मांडली होती. पण त्या भाषणाचा गाभा याच्याही पुढे जातो. कोणत्याही कारणाने बाईला मूल नको असेल तर गर्भधारणा टाळता येणे तिच्या हाती असले पाहिजे आणि मूल होऊ देण्याचा निर्णय पूर्णपणे तिच्या मर्जीवर असला पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पुरुषांना बाळंतकळा सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलांना कोणी तयार झाला नसता, असा टोलाही त्यात होता.

ठरावाच्या बाजूने ११ मते पडली, विरोधात ५२.

हे वर्ष १९३८ होते हे लक्षात घ्या. देशाची लोकसंख्या वाढते म्हणून कुटुंब लहान करा, असे पुढे सरकारांनी पुष्कळ सांगितले. आणीबाणीत सक्तीने नसबंद्याही झाल्या. रोहम यांनी वाचलेल्या भाषणात मात्र निर्णय बाईच्या हाती दिला होता. मूल नको म्हणण्याचा हक्क तिचा, आणि हवे म्हणण्याचाही तिचाच. आजही आपल्याकडे ऑपरेशन म्हटले की ते बाईनेच करून घ्यायचे, असे गृहीत धरले जाते. पुरुष नसबंदीला तयार होणारे फार थोडे. मग निर्णय कोणाचा आणि भोग कोणाचे, हा प्रश्न आपण आपल्या घरात विचारला पाहिजे.

नागपूर, जुलै १९४२

१८ ते २० जुलै १९४२ या दिवसांत नागपूरला अस्पृश्य वर्गाच्या अखिल भारतीय परिषदा भरल्या. २० जुलैला महिला परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. परिषदेला हजारो बाया आल्या होत्या. नागपूर, भंडारा, कामठी भागात विडी वळून घर चालवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांचा तो काळ. घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मिळावा, एकापेक्षा जास्त बायका करण्याला बंदी व्हावी, गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकांत आणि रेल्वेत राबणाऱ्या स्त्रियांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा व महिन्याची हक्काची रजा मिळावी, असे ठराव तिथे झाले. सुलोचनाबाईंनी संततिनियमनाचा विषय व्यासपीठावरून मांडला. ज्या विषयावर चार वर्षांपूर्वी विधानसभेने पाठ फिरवली होती, त्यावर विदर्भातली एक दलित स्त्री हजारो बायांसमोर बोलत होती.

बाबासाहेबांनी त्या बायांना सांगितले की मुलामुलींच्या लग्नाची घाई करू नका, जास्त मुले होऊ देऊ नका, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे. समाज किती पुढे गेला हे ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत.

त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ पर्यंत ते खाते त्यांच्याकडे होते. खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात त्यांच्या काळात सुधारणा झाल्या. आपल्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीवरच्या बाईचे पोट दिसू लागले की तिची रोजी बुडायची, हे या भागाला वेगळे सांगायला नको. युद्धकाळात कोळशाची टंचाई झाली आणि सरकारने बायकांना जमिनीखालच्या कामावर बंदी घालणारा नियम उठवला, तेव्हा मंत्री म्हणून बाबासाहेबांना सरकारची बाजू मांडावी लागली. त्यावर टीकाही झाली. पण तिथे उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हे त्यांनी सभागृहात ठामपणे मांडले. समान कामाला समान वेतन हे तत्त्व पुढे संविधानाच्या कलम ३९ मध्ये आले, तर प्रसूतीकाळातील साहाय्याची तरतूद कलम ४२ मध्ये.

मंत्रिपद सोडले, भंडाऱ्यात उभे राहिले

१५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत नोंदणी पद्धतीने लग्न केले. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि जन्माने दुसऱ्या जातीच्या. जातीचे कुलूप लग्नात असते, असे २५ व्या वर्षी लिहिणाऱ्या माणसाने ते स्वतःच्या आयुष्यातही उघडले.

कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिलासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली. एकपत्नीत्व, घटस्फोटाचा हक्क, मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा, बाईच्या मालमत्तेवर तिचा पूर्ण ताबा, जात आड न येता लग्न, अशा त्यातल्या तरतुदी. संसदेत आणि संसदेबाहेर गदारोळ झाला. सप्टेंबर १९५१ मध्ये निव्वळ चार कलमे मंजूर झाली आणि विधेयक बाजूला ठेवले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. त्यांची नाराजी इतरही बाबतीत होती. अनुसूचित जातींकडे होणारे दुर्लक्ष होते, परराष्ट्र धोरण होते. पण हिंदू कोडाची अशी वासलात लागणे त्यांना सर्वात जास्त लागले.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते मुंबईत काजरोळकरांकडून हरले. १९५४ च्या उन्हाळ्यात भंडाऱ्याची पोटनिवडणूक लागली. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. एक मत बाबासाहेबांना द्या आणि दुसरे कोणालाच देऊ नका, असे लोकांना सांगावे, हा सल्ला त्यांनी मानला नाही, असे चळवळीत आजही सांगतात. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी जिंकले.

बाबासाहेब लोकसभेत गेले नाहीत. पण त्यांच्या विधेयकाचे तुकडे एकेक करून कायदे झाले. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला, १९५६ मध्ये वारसा कायदा. हे कायदे बौद्धांनाही लागू आहेत. भंडाऱ्यातली बौद्ध लेक आज वडिलांच्या धुऱ्यावर हक्क सांगते किंवा मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून कोर्टात सुटका मागते, तेव्हा ती या लढ्याचेच फळ घेत असते.

तथागतांची वाट

१९५१ मध्ये महाबोधी या नियतकालिकात बाबासाहेबांचा एक लेख आला. भारतीय स्त्रीच्या अवनतीला बुद्ध जबाबदार आहेत, हा आरोप त्यांनी त्यात पुराव्यानिशी खोडला. महाप्रजापती गौतमीसह स्त्रियांना संघात प्रवेश देऊन तथागतांनी त्यांना ज्ञानाचा आणि मुक्तीचा हक्क दिला, आणि तो हिरावला मनुस्मृतीने, असे त्यांनी दाखवले. मुलगी झाली म्हणून कोसलचा राजा पसेनदी खिन्न झाला, तेव्हा मुलगी मुलापेक्षाही सरस ठरू शकते असे तथागतांनी त्याला समजावले, ही कथाही त्यांनी पुढे ठेवली. सोनोग्राफी केंद्रात मुलगा की मुलगी हे चोरून विचारणारा कोणीही, तो कितीही वेळा त्रिशरण म्हणो, त्या पसेनदीच्याही मागे आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली. बायांनी बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने घेतल्या. नवऱ्याने किंवा बापाने त्यांच्या वतीने घेतल्या नाहीत. व्यभिचार करणार नाही आणि सर्व माणसांना समान मानीन, या प्रतिज्ञा त्यांत आहेत. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

आपल्या जिल्ह्याचा हिशेब

२९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातली आई, शिकणारी मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. आरोपींना शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटीचे आणि विनयभंगाचे कलम न्यायालयात टिकले नाही. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये जे लिहिले ते इथे डोळ्यांसमोर घडले. शेतावर हक्क सांगणारी, मुलीला शिकवणारी बाई जातीला सहन झाली नाही.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. सुरक्षित बाळंतपण आणि बाळाचे जगणे हाही बाईच्या हक्काचाच भाग आहे. त्याची मागणी निवेदनात आणि मोर्चात पहिल्या ओळीत यायला हवी.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित गर्भपाताच्या कायद्यात विवाहित आणि अविवाहित स्त्री असा भेद करता येणार नाही, असा निकाल दिला. १९३८ च्या त्या हरलेल्या ठरावातला विचार ८४ वर्षांनी न्यायालयात मान्य झाला. पण गावातल्या मुलीपर्यंत तो पोचला का? गरोदर राहिलेली अविवाहित मुलगी आपल्या वस्तीत कोणाकडे जाईल? विहारात जाईल का? तिथे तिला आधार मिळेल, की चारचौघांत तिचा न्यायनिवाडा होईल?

तरुण मित्रमैत्रिणींनो, काम इथे आहे. विहाराच्या समितीत बाया फक्त खिरीपुरत्या नकोत, निर्णयाला हव्यात. ११२ आणि १८१ हे मदतीचे क्रमांक विहाराच्या दर्शनी भिंतीवर लिहा. घरात मारझोड होत असेल तर घरचा मामला म्हणून दार लावून घेऊ नका, ठाण्यापर्यंत तिच्यासोबत जा. मुलीने जोडीदार निवडला तर आधी पोटजात विचारू नका. गर्भनिरोधन, पाळी, सुरक्षित गर्भपात यांवर गावच्या आशाताईंना, नर्सताईंना बोलावून बोला, आणि तिथे मुलगेही बसू द्या.

१९५४ ला भंडाऱ्यातल्या मतदारांनी बाबासाहेबांना निवडून दिले नाही, याची खंत आपण सत्तर वर्षे बाळगली. ते मत आता परत देता येणार नाही. पण ११ विरुद्ध ५२ ने पडलेला त्यांचा ठराव आपल्या घरात आणि आपल्या विहारात आजही मंजूर करता येतो.

जयभीम! नमो बुद्धाय!